आहारातील कॅरोटिनॉइडे

वनस्पती, शैवाले आणि काही सूक्ष्मजीव तयार करतात ती पिवळी, नारिंगी व तांबडी रंगद्रव्ये. ती मेदात विरघळतात. माणसाला ती अन्नातूनच मिळवावी लागतात. बीटा-कॅरोटीन, ल्युटीन व लायकोपीन ही त्यांतली प्रमुख. वाकेनरोडर यांनी 1831 मध्ये गाजरातून कॅरोटीन वेगळे केले. त्याची संरचना उलगडणाऱ्या पॉल कारर यांना 1937 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अन्नातून ती कशी मिळतात याचे एक उदाहरण: संतपूरपासून (ता. औराद, जि. बिदर) कलबुर्गीपर्यंतच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात अंबाडीची भाजी घरोघरी होते, कन्नड घरांत ती पुंडी. पाला उकडून त्यात ज्वारीच्या कण्या व तुरीची डाळ घालतात, वरून तेलातली लसणाची फोडणी. पाल्यात बीटा-कॅरोटीन व ल्युटीन असते, मात्र हरितद्रव्यामुळे त्यांचा रंग दिसत नाही. शिजवल्याने पेशीभित्ती सैल होतात आणि तेलामुळे ही द्रव्ये आतड्यात शोषली जातात. डाळीत थोडे ल्युटीन, तर लाल मिरचीत कॅप्सँथिन. पांढऱ्या ज्वारीत ती नाममात्र. हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनचा, ते या गटात येत नाही.

शरीर बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनवते. याखेरीज कॅरोटिनॉइडे ऑक्सिडीकरणाचा ताण आणि दाह कमी करतात असे प्रयोगांत दिसते. इन्सुलिनरोध, यकृतातील चरबी व मधुमेह यांच्याशी त्यांचा संबंध जोडतात तो याच कारणाने. भारतात 11.4 टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचे आयसीएमआर-इंडियाब पाहणीने 2023 मध्ये सांगितले.

युरोपातील आठ देशांच्या 2020 च्या अभ्यासात रक्तात क जीवनसत्त्व व कॅरोटिनॉइडे जास्त असलेल्यांना टाइप 2 मधुमेहाचा धोका कमी आढळला. हा सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. या पातळ्या मुळात फळे-भाज्या किती खाल्ल्या हे दाखवतात.

गोळ्यांचा अनुभव निराळा. अमेरिकेतील सुमारे 22,000 पुरुष डॉक्टरांना सरासरी बारा वर्षे बीटा-कॅरोटीन किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. मधुमेहाच्या प्रमाणात फरक पडला नाही. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांत तर या गोळ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग वाढला (1994).

म्हणून चयापचयाचे विकार टाळण्यासाठी पूरक गोळ्यांची शिफारस होत नाही. पालेभाज्या, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, पपई, आंबा हे चांगले स्रोत. मधुमेहींनी मात्र गोड फळांचे प्रमाण सांभाळावे.