रजोनिवृत्तीचा इतिहास: सुश्रुतापासून आजपर्यंत

आजचा विषय ऐकून काही जणांच्या भुवया वर गेल्या असतील. फौजी माणसाला रजोनिवृत्तीचं काय? कारण सांगतो. १९९२ पासून भारतीय सेनेत वैद्यकीय सेवांच्या बाहेरही महिला अधिकारी येऊ लागल्या. १७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने, लढाऊ शाखा सोडून इतर शाखांत त्यांचा परमनंट कमिशनचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे पूर्वी चौदा वर्षांनी घरी जाणारी अधिकारी आता पन्नाशीपर्यंत वर्दीत राहील. ज्या गोष्टीबद्दल आमच्या पिढीने मेसमध्ये कधी चकार शब्द काढला नाही, ती आता कमांडिंग ऑफिसरला ठाऊक असायला हवी. आणि वर्दी बाजूला ठेवली, तरी घरातल्या पुरुषाला तर हवीच हवी.

पाळी कधी जाते हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. सुश्रुतसंहितेत पाळी बाराव्या वर्षी सुरू होते आणि पन्नाशीला थांबते, असं नोंदलंय. ॲरिस्टॉटलने चाळीस सांगितलं, आणि काहींच्या बाबतीत पन्नास. वय माहीत होतं. वैद्यकशास्त्रातलं आजचं नाव मात्र गार्दान या फ्रेंच डॉक्टरने १८२१ मध्ये रूढ केलं, ‘मेनोपॉज’. ‘महिना’ आणि ‘थांबणं’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून. पुढे १८५७ मध्ये लंडनच्या एडवर्ड टिल्टने यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण असं का होतं, याचं उत्तर त्या काळी नव्हतं.

ते मिळालं १९२३ मध्ये. अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी अंडाशयात तयार होणाऱ्या हार्मोनचा माग काढला. तेच इस्ट्रोजेन. चाळिशीनंतर अंडाशयाचं काम मंदावतं आणि ही रसद कमी होत जाते; तीही सरळ रेषेत नाही, वरखाली होत. म्हणून आधी काही वर्षं पाळी अनियमित होते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं, आणि छातीपासून चेहऱ्यापर्यंत एकदम वाफा आल्यासारखं होतं. रात्री घाम, तुटलेली झोप, चिडचिड, विसराळूपणा, सांधेदुखी, योनीमार्गाचा कोरडेपणा. हाडं तर आवाज न करता ठिसूळ होतात. बायको ‘उगाच’ चिडत नाही, मंडळी. चार रात्री गस्त घातलेला जवानही पाचव्या दिवशी शांत नसतो.

१९४२ मध्ये अमेरिकेत ‘प्रेमारिन’ नावाची गोळी बाजारात आली. गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेलं इस्ट्रोजेन! १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या डॉक्टरने पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोगच ठरवला, आणि गोळीचा खप वाढला. १९७५ मध्ये दिसलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्याने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. मग जोडीला दुसरं हार्मोन आलं. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रियांवरची चाचणी मध्येच थांबवली गेली. दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे आठ रुग्ण जास्त आढळले होते. जगभर स्त्रियांनी गोळ्या टाकून दिल्या.

पण फौजेत खबर पूर्ण वाचायची शिस्त असते. त्या स्त्रियांचं सरासरी वय होतं ६३. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत उपचार सुरू करणाऱ्या निरोगी स्त्रीचं गणित वेगळं आहे, हे पुढच्या विश्लेषणांत दिसलं. सगळ्यांनी घ्या हेही चूक आणि कुणीच घेऊ नका हेही चूक. निर्णय तिचा आणि तिच्या डॉक्टरचा.

आपल्या देशात अडचण वेगळीच आहे. इथे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, आणि काही जणींची तर ऑपरेशनने घालवली जाते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात सुमारे ८२ हजार ऊसतोड मजूर स्त्रियांची पाहणी झाली. १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत खाडा झाला तर मजुरी बुडते आणि वर दंड, म्हणून कित्येकींनी हा मार्ग धरला. सोबत अंडाशयही काढलं, तर जो बदल वर्षानुवर्षं हळूहळू व्हायचा तो एका रात्रीत होतो, आणि हाडांची झीज तिशी-पस्तिशीतच सुरू होते. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचना लागू करायला सांगितलं. हुकूम निघाला, अंमल गावोगावी व्हायचा आहे.

तेव्हा तीन गोष्टी लक्षात ठेवा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर थांबू नका, डॉक्टरकडे जा. पिशवी काढायचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचं मत घ्या, आणि अंडाशय ठेवणार का हे विचारा. तिसरी गोष्ट पुरुषांसाठी: रात्री दोनला ती पंखा वाढवायला उठली, तर कुरकुर करू नका. आपण चादर ओढून घ्यावी.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.