फळी वाकवणारे हात

सागाची सरळ फळी होडीच्या पोटाला वळण घेऊन बसते, ती मोडत कशी नाही? आपल्या ठाणे खाडीच्या काठावर सुतारांनी हे कोडे पिढ्यान्‌पिढ्या हाताने सोडवले. लिहून ठेवले ते क्वचितच.

बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ शिलाहार काळातले मानले जातात. त्यांवर आरमारी लढाई कोरलेली आहे. उंच नाळेची, म्हणजे पुढचे टोक वर उचललेली, वल्ह्यांची लांब जहाजे त्यात दिसतात. पुढे १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत स्वराज्याची जहाजे बांधली जाऊ लागली. दगडावर जहाज राहिले, इतिहासात आरमार राहिले. फळी वाकवणारा सुतार मात्र बहुतेक निनावीच राहिला.

त्याचे काम समजायला मोदकाची उकड आठवू या. ती गरम असेपर्यंतच हवी तशी वळते. गार झाली की पारीला चिरा पडतात. लाकडाचेही तसेच. त्याचे तंतू धरून ठेवणारा चिकट भाग ओलावा आणि उष्णतेने मऊ होतो. म्हणून फळी पाणी मारत विस्तवावर शेकतात, नाहीतर बंद पेटीत वाफवतात. इंचभर जाडीला तासभर वाफ, असा साधारण हिशेब. बाहेर काढल्यावर हाताशी मिनिटेच असतात. तेवढ्यात ती सांगाड्यावर दाबून घट्ट आवळायची आणि गार होईपर्यंत सोडायची नाही. वाकताना फळीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. घाई केली तर बाहेरून तडा जातो. अति वाळलेले लाकूडही दगा देते.

ही विद्या हातातून गेली तर काय होते, ते नुकतेच दिसले. नौदलासाठी गोव्यात प्राचीन पद्धतीचे, फळ्या काथ्याने शिवलेले जहाज बांधले. नमुना म्हणून हाती होते ते अजिंठ्याच्या लेण्यातले एक चित्र. जुना आराखडा उरलेला नव्हता. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे साथीदार होते, म्हणून ते उभे राहिले. मे २०२५ मध्ये कारवारला 'कौंडिण्य' या नावाने ते नौदलात दाखल झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. दिवाळे, सारसोळे, वाशी गाव इथे कोळीवाडे आजही आहेत. पण फायबरची होडी साच्यात घडते, तिला फळी वाकवावी लागत नाही. देखभालही कमी, म्हणून ती घेणाऱ्याला दोष देता येत नाही. तिच्यावरच घर चालते आणि मासळीची पाटी भरते.

म्हणून आमची विनंती आहे. घरातल्या आजी-आजोबांना विचारा: लाकडी होडी कोण बांधायचे? लाकूड कुठून यायचे? विस्तव कशाचा करायचे, पाणी कोण भरायचे? वाकवण्याच्या कामाला आपल्या बोलीत काय म्हणायचे? उत्तरे मोबाइलवर त्यांच्याच आवाजात टिपून ठेवा. सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत, तोवरच हे जमेल.