१९२८ सालची दोन जोडपी

गेल्या वर्षीची गोष्ट. सांगलीहून मावशीचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझी मावसबहीण, रॉटरडॅमला नोकरी करते आणि तिने तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवले होते. मावशीचा पहिला प्रश्न, "अरे, मुलगा डच आहे ना?" मी म्हटले, "हो, डच आहे." लगेच दुसरा प्रश्न, "म्हणजे गोराच असेल?" आवाज नीट येत नाही असे सांगून मी फोन ठेवला.

आवाज अगदी नीट येत होता. मुलगा डचच आहे, जन्म रॉटरडॅमचा. फक्त त्याचे आजी-आजोबा सुरिनामहून आलेले. तेही तिथल्या हिंदुस्तानी लोकांपैकी नव्हेत, तर आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांच्या वंशातले. मंडळी, मी डेल्फ्टला एम.एस. केले, वीस वर्षे या देशात काढली, आणि तरी हे एक साधे वाक्य माझ्या तोंडून निघाले नाही. ती चुटपुट घेऊन मी वाचायला बसलो.

आधी डच लोकांचीच वही तपासली. ईस्ट इंडीजमध्ये, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, डच पुरुष लग्नाशिवाय स्थानिक बाई घरात ठेवत. तिला 'न्याई' म्हणत. बापाने मुलाला नाव दिले तर मूल युरोपियन, नाही दिले तर ते आईबरोबर कांपोंगात, म्हणजे वस्तीत. १८९८ साली मिश्र विवाहांचा कायदा झाला. त्यात बायकोला नवऱ्याचा दर्जा मिळे: डच माणसाची जावानीज बायको कायद्याने युरोपियन, आणि जावानीज माणसाची डच बायको 'नेटिव्ह'. अशी बाई आपल्या पायांनीच खाली उतरली, तिची कीव कशाला करायची, असा काही कायदेपंडितांचा सूर होता. खुद्द नेदरलँड्समध्येही परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या डच बाईचे नागरिकत्व सहसा जाई. हे पूर्णपणे थांबायला १९६४ साल उजाडले. पुरुषाने सीमा ओलांडली तर तो शौक, बाईने ओलांडली तर ती गेली! आपल्याकडचा न्याय तरी कुठे वेगळा होता?

आपल्याकडचे उदाहरण इंदूरचे. होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. मुंबईतल्या बावला खून प्रकरणानंतर १९२६ साली तिसऱ्या तुकोजीराव होळकरांना गादी सोडावी लागली. पुढे मार्च १९२८ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या सिअॅटलच्या नॅन्सी अॅन मिलर यांच्याशी बडवाह येथे लग्न केले. महाराज ३७ वर्षांचे, आधीची लग्ने झालेली. वधू २० वर्षांची. ब्रिटिश सरकारची नाराजी, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने. मार्ग निघाला तो मात्र अस्सल देशी: शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांनी वधूला हिंदू धर्माची दीक्षा दिली, धनगर समाजात तिला सामावून घेतले आणि ती शर्मिष्ठादेवी झाली. कौतुक वाटावे अशीच ही गोष्ट. पण वधू गोरी होती आणि वर राजा. हेच उलटे असते, म्हणजे घरची मुलगी परक्या काळ्या माणसाबरोबर जात असती, तर शास्त्रार्थ इतक्या लवकर जुळला असता का?

त्याच १९२८ साली हेगमध्ये हे 'उलटे' घडत होते. रिका फान देर लान्स ३७ वर्षांची, चार मुलांची आई, नवऱ्याला सोडून आलेली. तिच्याकडे खोली घेऊन राहायला आला वाल्डेमार नॉट्स, पारामारिबोचा, २० वर्षांचा, काळा. सुरिनाममध्ये गुलामगिरी १८६३ साली संपली, त्यानंतर ४५ वर्षांनी जन्मलेला. इंदूरच्या जोडप्याइतकेच वयाचे अंतर, फक्त बाजू बदललेल्या! १९२९ च्या नोव्हेंबरात त्यांना मुलगा झाला, वाल्डी. रिकाची आधीची चार मुले नवऱ्याकडे गेली. लग्न व्हायला १९३७ उजाडले. पुढे दोघांनी स्खेव्हेनिंगनच्या समुद्राकाठी पाहुण्यांसाठी खोल्यांचे घर चालवले. युद्धात त्यांनी ज्यूंना आसरा दिला, आणि जानेवारी १९४४ मध्ये दोघांना अटक झाली. रिका १९४५ च्या फेब्रुवारीत राव्हेन्सब्रुकच्या छावणीत गेली. वाल्डेमार नॉयनगामच्या छावणीतून 'काप आर्कोना' जहाजावर पोहोचला, आणि ३ मे १९४५ रोजी, युद्ध संपायला अवघे काही दिवस उरले असताना, ब्रिटिश विमानांनी ते जहाज बुडवले. तो पट्टीचा पोहणारा होता. पोहत किनारा गाठला आणि तिथे जर्मनांनी त्याला गोळी घातली. अॅनयेट फान देर झाइल यांनी २००४ साली 'सनी बॉय' या पुस्तकात ही हकिगत लिहिली. २०११ साली त्यावर चित्रपटही निघाला.

ज्या बाईला तिच्या लोकांनी कुलटा ठरवले, तिनेच शेजाऱ्यांचे जीव वाचवायला दार उघडले. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ तसाच बसलो.

मावशी लग्नासाठी मे महिन्यात आली. जावयाला तिने विमानतळावरच पाहिले, एक क्षण थबकली, मग त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा त्याच्या पाठीवर हात ठेवला. (नमस्कार बहिणीने शिकवला होता, हे मला ठाऊक आहे.) चार दिवसांनी मी तिला स्खेव्हेनिंगनला नेले. वारा नेहमीसारखा बोचरा. बाकावर बसून मी तिला रिका आणि वाल्डेमारची गोष्ट सांगितली. ती शाल घट्ट ओढून ऐकत होती.

"आणि त्या पोराचं काय झालं रे?"

"वाल्डी युद्धातून वाचला. पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना त्यानेच सगळे सांगितले."

ती थोडा वेळ समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू त्या दिवशी फोनवर मला सांगितलं का नाहीस? मी काय केलं असतं असं वाटलं तुला?"

मी ट्रामचे वेळापत्रक बघू लागलो. नऊ नंबरची ट्राम चार मिनिटांत होती.