तेलांतील पाणी आणि विजेचा दाब

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहींत, अशी समजूत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं कॅलिफोर्नियांतील तेलविहिरींच्या मालकांचा अनुभव मात्र नेमका उलटा होता. दुधांत जसें लोणी न दिसतां सामावलेलें असतें, तसें त्या जड, काळ्या तेलांत खारें पाणी सूक्ष्म थेंबांच्या रूपानें सामावलेलें असे. त्या थेंबांभोंवतीं तेलांतील डांबरासारख्या द्रव्यांची साय धरे. त्यामुळें दोन थेंब शेजारी आले तरी एकजीव होत नसत, आणि टांक्यांत कितीहि काळ ठेवलें तरी पाणी तळाशीं बसत नसे. असलें तेल भट्टीवर चढविलें कीं पाणी उसळून तें उतूं जाई. पाण्यांतील क्षारांपासून उष्णतेनें आम्ल सुटे व तें लोखंड खाई. हातीं आलेलें तेल असून नसल्यासारखें होई.

हा पेंच सोडविणाऱ्या फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल यांचें नांव बहुधा धुराच्या संदर्भांत घेतलें जातें. १८७७ सालीं ओकलंड येथें जन्मलेले हे रसायनज्ञ लाइपझिगची पदवी घेऊन बर्कले येथें अध्यापन करीत. धातूच्या कारखान्यांचा विषारी धूर शेतें जाळीत होता. धुरांतील कणांना विद्युद्भार देऊन ते पत्र्यांकडे ओढून घेण्याची त्यांची युक्ति १९०८ सालीं पेटंट झाली. तेलाचें काम त्या मानानें उपेक्षित राहिलें, हें बरें झालें नाहीं. कारण त्यांतील विचार अधिक सूक्ष्म आहे.

१९११ सालीं कॉट्रेल व बकनर स्पीड यांना या रीतीचीं पेटंटें मिळालीं. तेल वीजरोधक, खारें पाणी वीजवाहक. अशा मिश्रणावर हजारों व्होल्टांचा दाब दिला कीं प्रत्येक थेंबाचें एक टोंक धन व दुसरें ऋण होतें. एकाचें धन टोंक शेजाऱ्याच्या ऋण टोंकाला ओढतें, मधली साय फाटते, थेंब मोठा होतो आणि जड होऊन खालीं बसतो. येथें थेंबाला बाहेरून भार द्यावा लागत नाहीं. म्हणूनच दिशा पालटणारा प्रवाहहि चालतो. रेशमावर घासलेल्या कांचेच्या दांडीनें कागदाचे कपटे उचलणारा शाळकरी मुलगा हेंच तत्त्व वापरीत असतो.

प्रत्यक्षांत तें इतकें सोपें नव्हतें. ओढलेले थेंब कधीं रांग धरून दोन्ही पत्र्यांमध्यें पूलच बांधीत. त्यांतून वीज निसटे आणि दाब कोसळे. ती सांखळी मोडत राहील अशी यंत्ररचना करणें हीच खरी कसोटी होती.

पुढें १९३० नंतरच्या दशकांत या रीतीला एक चमत्कारिक वळण लागलें. तेलांत उरलेलें मीठ काढावयाचें, म्हणून त्यांत मुद्दाम गोडें पाणी घुसळूं लागले. मीठ त्या पाण्यांत उतरलें कीं तेंच पाणी विजेनें पुन्हां वेगळें करावयाचें! ज्याला हांकलण्यासाठीं एवढा खटाटोप, त्यालाच आमंत्रण.

धुराचीं पेटंटें कॉट्रेल यांनीं स्वतःच्या लाभासाठीं ठेवलीं नाहींत. तीं देऊन १९१२ सालीं त्यांनीं ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था उभारली. अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनला तिचा पैसा मिळाला. १९४८ सालीं बर्कले येथें शास्त्रज्ञांच्या सभेंतच कॉट्रेल निवर्तले. कच्चें तेल भट्टींत जाण्यापूर्वीं त्यांतील मीठ-पाणी विजेनें काढणारें पात्र तेलशुद्धीच्या कारखान्यांतून आजहि चालू असतें.