पोटखराब

रांजणगावच्या महागणपतीचे दर्शन घेऊन शिरूरकडे निघालेल्या प्रवाशास, कारखान्यांची वसाहत मागे पडल्यावर, जी मुरमाड माळराने अधूनमधून दिसतात, तशा जमिनीविषयीचा महसुली दफ्तराचा जुना निकाल आजही सात-बाराच्या उताऱ्यावर एका शब्दात शिल्लक आहे: पोटखराब, म्हणजे लागवडीस अयोग्य.

मराठेशाहीत ज्या गवतावर फौजेची घोडी पोसली जात, त्या गवताची कुरणे मुद्दाम राखली जात. धनगरांच्या मेंढ्यांनाही त्याच माळांचा आधार असे. पुढे 1836 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात जी मोजणी आरंभली आणि 1847 च्या संयुक्त अहवालाने जी मुंबई इलाख्यात रूढ झाली, तिने मातीचा रंग, खोली आणि दोष पाहून 9 वर्ग पाडले व प्रत्येकाची किंमत आण्यांत ठरविली. शेतसारा बसविण्यापुरती ही पद्धत चोख होती. परंतु जे नांगराखाली येत नाही ते खराब, हा वसुलीपुरता निकष पुढे जमिनीच्या गुणाचाच निकष होऊन बसला. ही पहिली चूक; कारण अशाच माळावर सुप्याला 1997 साली चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य करावे लागले.

या निकालाची दुसरी चूक भूमीखाली आहे. कुसळ, मारवेल यांसारखी गवते वरून वाळली, चरली वा जळली, तरी त्यांच्या मुळांनी मातीत साठविलेला कार्बन बहुतांशी तेथेच राहतो. माती खरवडली की तो हवेत जाऊ लागतो. याचे उग्र रूप थंड प्रदेशांतील पीटभूमीत दिसते. तेथे पाण्याखाली न कुजलेल्या वनस्पतींचे थर सहस्रावधी वर्षे साचलेले असतात. पृथ्वीच्या भूभागाच्या जेमतेम 3 टक्के असलेल्या या भूमीत जगातील सर्व अरण्यांच्या वृक्षराजीहून अधिक कार्बन आहे. पवनचक्क्यांसाठी तिच्यात चर खणून पाणी काढले, की तो थर हवेशी संयोग पावून कर्बवायू सोडू लागतो. आयर्लंडमधील डेरीब्रायन येथे तर 2003 च्या ऑक्टोबरात, पवनचक्क्या उभारल्या जात असता, पीटचा डोंगरउतारच घसरला. आणि परिणामांची पूर्वतपासणी न केल्याबद्दल युरोपीय न्यायालयाने 2008 मध्ये त्या राष्ट्रास दोषी ठरविले.

आपल्या माळाची साठवण पीटच्या मानाने अल्प आहे, हे खरे. परंतु 2017 पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेखाली, शेतकऱ्यास दिवसा वीज मिळावी या रास्त हेतूने, सौर प्रकल्पांसाठी शासकीय पडीक जमिनी शोधल्या जात असता, पावणेदोनशे वर्षांपूर्वीची ती नोंदच प्रमाण मानणे योग्य नव्हे. सूर्याची वीज अवश्य घ्यावी. आधी कारखान्यांच्या छपरांवर आणि पूर्वीच उकरल्या गेलेल्या जमिनीवर घ्यावी. माळ घ्यावाच लागला, तर तो न खरवडता, गवताची मुळे राखून घ्यावा. तलाठ्याच्या दफ्तरात जे खराब लिहिले आहे, ते गावकऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी आधी स्वतः माळावर जाऊन पाहावे, एवढीच विनंती आहे.