अटींत न बसणारा एक प्रवेश अर्ज (थ्रेड)

१/७
नीटचा निकाल लागला की शिरूर आणि दौंडच्या सेतू केंद्रांसमोर रांगा लागतात. अधिवास, उत्पन्न, नॉन-क्रीमीलेअर, जात पडताळणी. एक दाखला राहिला तर वर्ष वाया जाईल या भीतीने घरे कासावीस होतात. अशा वेळी १८८३ सालचा एक अर्ज आठवावा.

२/७
आजच्या अटी नेमक्या आहेत. प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. पहिल्या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गास ५० टक्के, राखीव वर्गास ४० टक्के गुण. शिवाय नीटची पात्रता. आनंदीबाई जोशी यांच्याकडे यांतले काय होते? फक्त वय.

३/७
जन्म ३१ मार्च १८६५, पुणे, माहेर कल्याणचे. चौदाव्या वर्षी मूल झाले आणि दहा दिवसांत गेले. डॉक्टर होण्याच्या निश्चयाचे मूळ तेथे आहे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयाने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला होता. अन्यत्र बहुतांशी दाईकामाचेच वर्ग होते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून पतीविना अमेरिकेस निघाल्या.

४/७
जून १८८३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज केला. कॉलेजच्या सर्व अटी आपण पूर्ण करीत नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून टाकले आणि आपले प्रकरण अपवाद मानण्याची विनंती केली. जमेस धरले ते दोनच मुद्दे: उत्तम प्रकृती आणि निर्धार. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या देशभगिनींसाठी हे शिक्षण हवे, असे कारण दिले.

५/७
हे महाविद्यालय १८५० मध्ये स्त्रियांसाठीच स्थापन झाले होते. डीन रेचेल बॉडली यांच्या कारकिर्दीत आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

६/७
मात्र ज्या प्रकृतीच्या भरवशावर अर्ज केला, तिनेच दगा दिला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्री-कक्षाच्या प्रमुख म्हणून नेमणूक झाली होती; परंतु क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

७/७
मग आजही अपवाद करावेत काय? लाखो अर्जांत अपवादाचा अर्थ वशिला किंवा देणगी असा होतो. महाराष्ट्राला कॅपिटेशन फी रोखण्यासाठी १९८७ मध्ये कायदा करावा लागला. ओळखपाळख नसलेल्या दौंडच्या मुलीला कडक नियमच तारतो. म्हणूनच तो नियम एका दाखल्यापायी तिच्या आड येऊ नये, ही जबाबदारी कार्यालयांची. आणि दाखले अकरावीतच काढून ठेवणे आपल्या हाती. कोल्हापूरचे ते रुग्णालय आज सी.पी.आर. म्हणून ओळखले जाते आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे. आनंदीबाईंना जेथे रुजू होता आले नाही, तेथे शिरूरची एखादी मुलगी नीट देऊन आज शिकू शकते.