लाल दिवा काय सांगत होता?

गेल्या वर्षी तोक्योजवळच्या आमच्या छोट्याशा गणेशोत्सवात, लेकीकडे आलेल्या एका आजींनी अभंग म्हटला. रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. आजींनी हलक्या आवाजात सुरुवात केली, म्हणून मी लेव्हल वाढवून ठेवली. शेवटी त्यांनी तार षड्ज लावला आणि यंत्रावर लाल दिवा लुकलुकला. रेकॉर्डिंग चालू असल्याची ती खूण समजून मी निवांत बसलो. घरी ऐकलं, तर नेमकी तीच जागा फाटलेली. आजी पुण्याला परतल्या आहेत आणि आता त्यांना एवढा प्रवास झेपणार नाही.

तुमच्याकडेही असं एखादं रेकॉर्डिंग असेलच. माझ्या संशोधनाचा विषय वेगळा आहे, पण त्या षड्जापायी मी या दिव्याचा इतिहास वाचू लागलो. त्यातला मोठा भाग इथे जपानमध्येच घडला आहे.

प्रत्येक ॲम्प्लिफायरला व्होल्टेजची एक मर्यादा असते. सिग्नल तिच्यापलीकडे गेला की लाटेचा माथा कापला जातो आणि शिखराच्या जागी पठार उरतं. हेच क्लिपिंग. त्या पठारामुळे मूळ सुरात नसलेले कर्कश स्वर आवाजात मिसळतात. नंतर आवाज कितीही कमी करा, पठार तसंच राहतं.

पूर्वी लेव्हल बघायला काट्याचा व्हीयू मीटर असे. १९३९ साली अमेरिकेत तो प्रमाण ठरला. त्याचा काटा सावकाश, साधारण ०.३ सेकंदात वर चढतो, त्यामुळे तबल्याची कडक थाप त्याला पुरती दिसतच नाही. तरी निभत असे, कारण चुंबकीय टेप हळूहळू तृप्त होते आणि माथा कापण्याऐवजी गोलसर करते. शिवाय टेपची स्वतःची खरखर असे. ती झाकायला काटा लालपर्यंत ढकलणं हा शहाणपणाच होता.

मग आकडे आले. १९६७ साली एनएचकेच्या प्रयोगशाळेत हेइतारो नाकाजिमा यांच्या गटाने आवाज आकड्यांत साठवणारं यंत्र तयार केलं. १९७२ साली निप्पॉन कोलंबियाने, म्हणजे डेनॉनच्या कंपनीने, आठ चॅनेलचं यंत्र बनवलं. ते १३ बिटचं होतं आणि आकडे व्हिडिओ टेपवर साठवत असे. त्याच एप्रिलमध्ये तोक्योत स्मेताना क्वार्टेटचं मोत्सार्ट त्यावर रेकॉर्ड झालं.

इथे टेपची माया संपली. सर्वांत मोठ्या आकड्याच्या वर काहीच नसतं, तिथे सिग्नल सरळ कापला जातो. मग वर भरपूर जागा का सोडली नाही? कारण ती महाग होती. एका बिटमागे साधारण ६ डेसिबल मिळतात, म्हणजे १३ बिटांचे ७८. त्यातले २० वर मोकळे ठेवले, तर खाली ६०सुद्धा उरत नाहीत आणि हळू सूर गोंगाटात बुडतात. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सीडी विक्रीला आली, ती १६ बिटांची. तेव्हाही 'लेव्हल शक्य तितकी वर' हाच धडा राहिला.

मात्र क्लिपिंग पकडायची रीत बदलली. एकच नमुना कमाल आकड्याला टेकला, तर ते खरं शिखरही असू शकतं. सलग तीन-चार नमुने तिथेच अडकले, तर ते पठार. म्हणून बरेच मीटर अशा सलग नमुन्यांवरच 'ओव्हर'चा दिवा लावतात. सीडीच्या वेगाने तीन नमुने म्हणजे सेकंदाचा साधारण पंधरा हजारावा भाग! म्हणूनच काही यंत्रं तो दिवा थोडा वेळ पेटता ठेवतात.

आज आपल्या साध्या रेकॉर्डरमध्येही २४ बिट असतात, म्हणजे कागदावर १४४ डेसिबल. प्रत्यक्षात कमी मिळाले, तरी वर १५-२० डेसिबल सोडणं आता जवळपास फुकट आहे. महागाई संपली, सवय मात्र उरली. काटा लालपर्यंत नेणारा तो जुना हात माझ्याही हातात होता.

तेव्हा यंदाच्या गणपतीत एवढं करा. गाणाऱ्याला आधी आलाप नको, सर्वांत वरची, सर्वांत जोराची जागा म्हणायला सांगा. त्या जागेला मीटर शिखराच्या १२ डेसिबल खाली राहील, असा आधी माइकचा गेन लावा, स्पीकरचं बटण नंतर. हॉलमधला आवाज फाटत असेल, तरी आधी गेनच तपासा. रेकॉर्डिंग हळू वाटलं, तर घरी वाढवता येतं. फाटलेलं शिवता येत नाही.

आजींच्या लेकीला मी ते रेकॉर्डिंग तसंच पाठवलं आहे, फाटलेल्या षड्जासकट.